कोण राहिलं

भोसरी, पुणे
१२ जून १९९६

ती. मामांना आणि आत्यांना श्रीदेवीचा नमस्कार.

काल दुपारी सुखरूप पोचले. खोलीत आले तर भागीचं दुपटं कॉटवर तसंच पडलेलं होतं. ते उचलून घडी घालायला मला संध्याकाळ झाली. तुमचे चिरंजीव ट्रक घेऊन इंदूरला गेलेत. महिन्यातून चार दिवस घरी असतात, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको.

मंठाळहून निघताना घाईत सगळं बोलता आलं नाही, आणि बूथवरच्या फोनमध्ये तुम्हाला नुसती घरघर ऐकू येते, म्हणून लिहून कळवते. भागी अडीच वर्षांची झाली तरी आपली आपण उभी राहत नाही. धरून उभी केली तर चवड्यावर राहते, टाच जमिनीला लागत नाही. इथले डॉक्टर म्हणाले, हाडात खोट नाही, पोटरीची शीर आखडली आहे. हिंडून-खेळून, उकिडवं बसून ती सैल झाली तर उत्तम. संक्रांतीपर्यंत टाच टेकली नाही, तर शीर कापून लांबवावी लागेल.

आमची खोली दहा बाय दहाची. मी दिवसभर औषधाच्या बाटल्यांना झाकणं लावते, आणि जिच्याकडे भागीला ठेवत होते ती बाई कायमची गावी गेली. म्हणून तिला तुमच्या ओटीत घालून आले. हौसेनं नाही.

वहीत मी रेघा मारून दिल्या आहेत. तारीख, किती वेळ उभी राहिली, किती पावलं टाकली, टाच टेकली की नाही. ते आकडे दर पत्रात लिहा, मी डॉक्टरांना दाखवणार आहे. आळंदला बाबांच्या आडतीत तुरीची पोती मोजत मी मोठी झाले, आकडा बघितला की माझा जीव भांड्यात पडतो. निळ्या चाकाच्या पांगुळगाडीत तिला सकाळ-संध्याकाळ बसवून चालवा. आणि शेळ्यामेंढ्यांपासून लांब ठेवा. त्या लाथ मारतात, शिंग मारतात, आणि ही पडली तर उठणार कशी?

तुमची,
श्रीदेवी


मंठाळ
२७ जून १९९६

चि. सौ. श्रीदेवीस लिंगाप्पाचा आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा तहसीलची नोटीस आल्यासारखं वाटलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा दुपट्याची घडी दिसली. माझी शाळा निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत, त्यातली अर्धी उर्दूत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू गेल्यावर भागी तीन दिवस रडली. तुझ्या सासूनं, तानुबाईनं, कडेवर घेऊन गाव दाखवलं, गूळ दिला, पण पोरीची नजर दाराकडे. चौथ्या दिवशी कळप रानात गेल्यावर तानुबाई खालची जागा झाडायला डालगं उचलायला गेली. तुझ्या माहेरी शेळ्या नाहीत म्हणून सांगतो. कोवळी करडं आईबरोबर दिवसभर रानात चालू शकत नाहीत. त्यांना आम्ही घरीच मोठ्या टोपल्याखाली, म्हणजे डालग्याखाली, झाकून ठेवतो आणि सकाळ-संध्याकाळ सोडून ज्याच्या त्याच्या आईला लावतो. डालगं उचललं की सगळी उधळतात. त्यातली एक काळी, आखूड कानाची पाट, म्हणजे मादी करडू, सरळ भागीच्या मांडीवर चढली आणि तिचा कान चोखायला लागली. पोरगी रडता रडता थांबली. तिनं करडाचा कान धरला.

तानुबाई मला म्हणाली, "बघायलाव न्हवं? दोघींच्या बी माया कामाला गेल्यात."

त्या दिवसापासून रडणं बंद आहे. करडाचं नाव भागीनंच ठेवलं, बुट्टी. आमच्याकडे टोपलीलाही बुट्टीच म्हणतात. टोपलीखालून निघालं म्हणून असेल.

तुझी निळी गाडी रोज सकाळी अंगणात काढतो आणि दिवस मावळला की आत घेतो, एक दिवस खंड नाही. वही खुंटीला टांगली आहे. भागी बरी आहे, जेवते. जनावरांपासून लांब ठेव म्हणतेस, पण घर आणि जनावरांचं वाडगं यांच्यात एक कुडाची भिंत, तीही मोडकी. जनावरांना सांगून बघतो.

लिंगाप्पा


भोसरी
२० जुलै १९९६

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून हसले आणि मग रडले. पण मामा, गाडीला खंड नाही, वहीला खुंटी आहे आणि आकडा कुठेच नाही.

काल डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी विचारलं, आता उभी किती वेळ राहते? मी म्हटलं, बरी आहे. ते म्हणाले, बाई, बरी म्हणजे किती सेकंद? मागे रांगेतल्या बायका ऐकत होत्या. दिवसभरात माझ्या हातून किती बाटल्या गेल्या हे सुपरवायझर मला रोज सांगतो, आणि माझी मुलगी किती वेळ उभी राहिली हे सांगणारं कोणी नाही.

आत्यांना लिहिता येत नसेल, पण घड्याळ कळतं. त्यांना बघायला सांगा आणि तुम्ही लिहा. चार आकडे मागते आहे, जमीन नाही मागत.

श्रीदेवी


मंठाळ
२५ ऑगस्ट १९९६

चि. श्रीदेवीस आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. पण आज मला दुसरंच सांगायचं आहे आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तानुबाईला सांगून झालं, ती म्हणाली, "मला ठावं हाय, जावा."

संध्याकाळी कळप रानातून आला की वाडग्यात किती गोंधळ असतो, तू ऐकला आहेस. शेळ्या करडांना हाका मारतात, करडं शेळ्यांना. त्या गर्दीत काळ्या करडांतलं नेमकं कोणतं काळं करडू कोणत्या काळ्या शेळीचं, हे ओळखायला मला तरुणपणी दोन पावसाळे लागले होते. वडिलांच्या हातचे रट्टे वेगळे.

परवा तानुबाईला ताप होता, म्हणून डालगं मी उचललं. या वयात संध्याकाळचं मला धड दिसत नाही. एक करडू धरलं आणि शेळीला लावलं, तर शेळीनं मला अशी लाथ दिली की मी शेणात बसलो. भागी शेजारीच बुट्टीला बोरीचा पाला चारत उकिडवी बसली होती. म्हणाली, "अज्जा, ते ढवळीचं न्हाई. मोरीचं हाय."

बघतो तर खरंच मोरीचं. मग मी मुद्दाम एकेक करडू तिच्यापुढे धरत गेलो आणि ती आईचं नाव सांगत गेली. सगळी संपली. एकदाही चुकली नाही. श्रीदेवी, जन्म जनावरांत गेला माझा, पण तिथं शेणात बसल्या बसल्या मला रडू आलं. तिला विचारलं, "कशावरून वळखायलीस गं?" तर माझ्याकडे असं बघितलं की हे काय विचारणं झालं. म्हणाली, "त्ये हाक मारायलंय की आईला."

आवाजावरून. मला आयुष्यभर सगळ्यांचं एकच ब्यां ऐकू आलं आणि आता तेही ऐकू येत नाही. प्रत्येक करडाची हाक वेगळी असते हे मला या वयात कळलं, आणि सांगणारी कोण, तर जिला दोन शब्दांच्या पुढे बोलता येत नाही असं तू म्हणत होतीस ती.

आता तिला एक कामही मिळालं आहे. कळप आत आला की तानुबाई वाडग्याच्या दाराशी रोज विचारते, "कोण राहिलं?" मी नजर फिरवून, जे जनावर मागं राहिलं असेल त्याचं नाव सांगायचो. हल्ली भागी सांगते. दाराच्या खांबाला धरून असते, प्रत्येकाचं तोंड बघते आणि शेवटी सांगते. मला तिच्या हाताखाली ठेवलं आहे.

लिंगाप्पा


भोसरी
५ ऑक्टोबर १९९६

ती. मामांना नमस्कार.

तुमच्या गावची मल्लव्वा बांधकामाच्या कामावर इकडे आली आहे. परवा भेटली. मला बरं वाटावं म्हणून तिनं मंठाळचं सगळं सांगितलं. निळ्या गाडीत कोंबडी अंडी घालते. भागी दिवसभर शेळ्यांच्या पायांत रांगते. आणि तिच्या हनुवटीला एडक्यानं धडक मारल्याची खूण आहे, टाका घातलेली.

टाका घालेपर्यंत मजल गेली आणि मला एक ओळ नाही. तुमच्या पत्रांत ढवळी आहे, मोरी आहे, त्यांची लेकरं आहेत. माझ्या लेकराची हनुवटी नाही. खांबाला धरून असते असं लिहिलंत, ती उभी असते की बसलेली, तेवढं लिहायला शाई संपली होती का?

मी शिकलेली कमी असेन, पण आडतीत एक गोष्ट पक्की शिकले. ज्या रकान्यात काही लिहिलेलं नाही तिथे शून्य समजायचं. चार महिने तुमचा रकाना रिकामा आहे. म्हणून मी डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख घेतली, २० जानेवारी.

मी वाईट बोलते आहे, कळतंय मला. पण रोज सकाळी पहिली बाटली हातात आली की मला वाटतं, मी तिला टाकून आले आहे. तुमच्यावर चिडले की थोडा वेळ तरी स्वतःवर चिडायचं राहतं. आता एकच विचारते आणि त्याचं उत्तर सरळ द्या. टाच टेकते की नाही?

श्रीदेवी


मंठाळ
२४ ऑक्टोबर १९९६

चि. श्रीदेवीस आशीर्वाद.

सरळ उत्तर आधी. टाच टेकत नाही.

रोज सकाळी वाडग्यातल्या धुळीत तिची पावलं बघतो. नुसता खूर बघून जनावर कोणत्या पायानं लंगडतं हे सांगणारा माणूस मी, मला चुकायला जागा नाही. बोटं उमटतात, चवडा उमटतो, मागं काही नाही.

आता माझे गुन्हे. तुझी गाडी फरशीवर चालणारी. आमच्या अंगणात तिनं दुसऱ्याच दिवशी चाकं टाकली. कोंबडीला मात्र फार आवडली, आणि मी ती रोज बाहेर काढतो, आत घेतो ते कोंबडीसकट. खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. एडक्याला भागी मुठीनं पेंड चारत होती. पेंड संपली, त्यानं त्याच्या पद्धतीनं आणखी मागितली. बसवकल्याणला नेऊन टाका घातला. तुला कळवलं नाही, कारण तू मिळेल त्या बसनं येऊन तिला घेऊन गेली असतीस. ही लबाडी झाली, माझीच.

पण पुढचंही ऐक. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच एडक्यापुढं गेली. या वेळी एका हातानं खांब धरला, पाय फाकवले, अंगठे मातीत रुतवले, आणि मगच पेंड पुढं केली. हे तिला कोणी शिकवलं नाही. मी कुडाआडून बघत होतो. तर ती उभी राहते, धरून. ढवळीच्या पाठीवर हात ठेवून चालतेही, ढवळी थांबली की थांबते.

किती वेळ, किती पावलं, ते मी लिहिणार नाही. आमच्या घरात जे वाढीला लागलं आहे ते मोजत नाहीत, मेंढरू असो की लेकरू. म्हणून तर तानुबाई "किती आली" असं विचारत नाही, "कोण राहिलं" असं विचारते. माझ्या बापानं कळप मोजला नाही, मी मोजला नाही. तुला हे अडाणीपण वाटेल. वाटू दे. वहीचं पान उघडून पेन हातात घेतलं तेव्हा माझा हात चालला नाही, एवढं खरं.

लिंगाप्पा


भोसरी
१५ नोव्हेंबर १९९६

ती. मामांना नमस्कार.

मोजत नाहीत म्हणून आकडे नव्हते? आणि मी समजत होते की पोरगी जागची हलतच नाही. हे तुमच्या चिरंजीवांना विचारलं, तर ते म्हणाले, "अप्पांनी मला बी कधी मोजलं न्हाई." लग्नाला सहा वर्षं झाली, मला हे कोणी सांगितलं नाही.

तुमच्यावरचा राग गेला. पण टाच टेकत नाही हे तुम्हीच लिहिलंत, आणि ही तारीख सोडली तर पुढची सहा महिन्यांनी मिळेल. डॉक्टर मोजतात मामा, त्यांचं काम मोजण्याचं आहे. दिवाळीला रजा मिळाली नाही. शनिवारी, १८ जानेवारीला येते आणि तिला घेऊन जाते. तिचे कपडे तेवढे धुऊन ठेवायला आत्यांना सांगा.

श्रीदेवी


मंठाळ
१० जानेवारी १९९७

चि. श्रीदेवीस आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पुण्याच्या बसवरच्या रामकिशनच्या हाती देतो आहे, कारण बरोबर एक पुडकं आहे. आधी पत्र वाच, मग पुडकं सोड.

परवा येळवशीची अमावास्या झाली. सगळे रानात होतो. कडब्याची खोप केली, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, सगळं पोटभर झालं. कळप तुरीच्या काढलेल्या रानात चरत होता. दिवस कलल्यावर जनावरं रानातल्या वाडग्यात घेतली. अंगात आंबील, सगळे सुस्तावलेले. तानुबाईनं विचारलं, "कोण राहिलं?" मी नजर फिरवली आणि म्हणालो, "कोणी न्हाई."

भागी खांबाला धरून उभी होती. म्हणाली, "बुट्टी न्हाई."

मी परत बघितलं. ज्या काळ्या पाठीला मी बुट्टी समजत होतो ती दुसरीच निघाली. काठी शोधायला वळलो तेवढ्यात हिनं खांब सोडला.

महिनाभर ती न धरता चार पावलं इकडं, चार तिकडं करत होती, धडपडत, चवड्यावर. रानात कधी नाही. माझ्या हातात लोकर कातायची टकळी होती. काय सुचलं कोणास ठाऊक, कातलेल्या लोकरीचं टोक मी खांबाला बांधलं आणि दोरा सोडत तिच्या मागं निघालो. तानुबाई ओरडली, "धरा की तिला, पडायलीय!" मी हात केला आणि तिला गप्प बसवलं.

ती पडली. जिथं पडली तिथं मी दोऱ्याला गाठ मारली. तिला हात लावला नाही. ती करडं उठतात तशी उठली, आधी मागचा भाग वर, मग दोन्ही हात मातीवर रेटून. "बुट्टी, बुट्टी" करत पुढं. पुन्हा पडली, पुन्हा गाठ. ढेकळांत पडली, धुऱ्याच्या बांधावर पडली. एकदा तोंडात माती गेली, ती थुंकली आणि उठली. मग पडायची थांबली. मी दोरा सोडत होतो, सोडत होतो, आणि गाठ मारायला काही मिळेना. मागं वळून बघितलं तर तानुबाई डोक्यावरचा पदर तोंडात धरून उभी.

विहिरीच्या पाटाजवळ बुट्टी सापडली. गळ्यातली दोरी बोरीच्या फांदीत अडकली होती. मला हाक ऐकू आली नव्हती, तिला आली होती. तिनं बुट्टीच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि मी येईपर्यंत तशीच उभी राहिली.

मी दोरा तोडला आणि खाली बघितलं. पाट फुटून तिथली वाट ओली झाली होती. तिच्यात भागीची पावलं उमटली होती. मी गुडघ्यावर बसलो. बोटं, चवडा, आणि मागं टाच. डाव्या पायाची पुसट आहे, तुला खोटं सांगणार नाही. उजव्याची पुरी आहे, गोल. किती खुरांचे ठसे वाचले असतील आजवर, पण मातीतल्या खुणेला मी हात जोडले ते त्या दिवशी पहिल्यांदा. मग भीती वाटली की कळप पाण्यावर येईल आणि तुडवून टाकील. खोपीतून डालगं आणलं आणि त्या पावलांवर झाकलं. अजून झाकलेलं आहे.

दोरा तुला पाठवतो. मोजलेला नाही. एक टोक खांबाचं आहे, एक बुट्टीपाशी पोचल्याचं. मधल्या गाठी पडल्याच्या. यात काय वाचायचं ते तू वाच, आणि मग डॉक्टरांचं काय ते तूच ठरव. तू ठरवशील त्याला मी आडवा येणार नाही.

आणखी एक गोष्ट श्रावणापासून लपवली आहे. तानुबाई रोज "कोण राहिलं" विचारते आणि भागी नाव सांगते हे लिहिलं होतं. पण सगळी जनावरं आत असतात त्या दिवशीसुद्धा ती एक नाव सांगते. म्हणते, "आई राहिली." एकही संध्याकाळ चुकली नाही. येळवशीलाही बुट्टीला घेऊन आलो, तानुबाईनं रडत रडत विचारलं, "आता कोण राहिलं गं?" तर तेच. तुला लिहिलं असतं तर तुझा कामावर पाय निघाला नसता, म्हणून लिहिलं नाही. आता लिहितो, कारण लपवून माझं मन थकलं.

लिंगाप्पा


भोसरी
१३ जानेवारी १९९७

ती. मामांना आणि आत्यांना श्रीदेवीचा साष्टांग नमस्कार.

पत्र आणि पुडकं शनिवारी मिळालं. आधी पत्र वाचलं. मग दोरा सोडला.

एक टोक कॉटच्या पायाला बांधलं. आधी गाठी अगदी जवळजवळ आल्या. कॉटपासून स्टोव्हपर्यंत जायच्या आत ती किती वेळा पडली, ते मी बोटांनी बघितलं, पण मोजलं नाही. खोली संपली. मी दार उघडून गॅलरीत गेले, दोरा हातात होताच. शेजारणी विचारायला लागल्या, काय करताय? मी म्हटलं, माझी मुलगी चालतेय. प्रत्येक गाठीला मी थांबत होते, खाली वाकत होते. जिन्यावर दोन गाठी आल्या. तो तुमचा धुरा असेल. जिना उतरले, नळ ओलांडला, दोरा अजून शिल्लक होता. गाठी लांब लांब पडायला लागल्या आणि मग यायच्या थांबल्या. फाटकाबाहेर आले. पिठाच्या गिरणीपर्यंत गेले. बोटांत नुसती लोकर सरकत होती, खरखरीत, तिला मेंढरांचा वास होता. गिरणीच्या पायरीशी दोरा संपला. मी तिथेच बसले. गिरणीवाल्यानं पाणी आणून दिलं.

सात महिने रिकाम्या रकान्यात मी शून्य वाचत होते, मामा. मला माफ करा.

आज डॉक्टरांकडे गेले. दोरा टेबलावर ठेवला आणि पडण्याच्या गाठी दाखवल्या, टाचेचं सांगितलं, डावी पुसट आहे हेही सांगितलं. त्यांनी शेवटचा बिनगाठीचा भाग हातात घेतला आणि टोकापर्यंत बोटांतून सरकवला. मग म्हणाले, हिनं दिवसभर केलं तरी काय? मी सांगितलं, करडांना पाला चारायला उकिडवी बसते, शेळीला धरून चालते, एडक्यापुढे पाय रोवून उभी राहते. ते म्हणाले, मी लिहून दिलेले सगळे व्यायाम यात आले, आणि मी न लिहिलेलेही आले. वीस तारखेला तिला आणा, पण कापायला नाही, बघायला. डाव्या पायाला अजून वेळ द्यावा लागेल. ऑपरेशनच्या यादीतून त्यांनी माझ्यासमोर नाव खोडलं. एवढं झाल्यावर त्यांनी ड्रॉवरमधून टेप काढली आणि दोऱ्याला लावायला घेतली. मी त्यांच्या हातातून दोरा ओढून घेतला. म्हटलं, डॉक्टर, आमच्यात मोजत नाहीत.

वीस तारखेला तिला दाखवून परत मंठाळलाच आणून सोडणार आहे. डाव्या टाचेला शेळ्या लागतील. आणि आता मी दर महिन्याला येणार, पगार कापला तरी येणार. तुमच्या चिरंजीवांनाही सांगितलं आहे, ते हसले नाहीत, तोंड फिरवून डोळे पुसत होते.

हे पत्रही रामकिशनबरोबरच पाठवते. मी शनिवारी, अठरा तारखेला दिवस मावळायच्या आत पोचते. पाटाजवळचं डालगं माझ्याशिवाय कोणी उचलू नये. आणि भागीला मी येणार हे सांगू नका. कळप आत घ्याल तेव्हा वाडग्याचं दार लगेच लावू नका, मी शेवटच्या शेळीच्या मागून येईन. आत्यांना म्हणावं, मी आत पाऊल टाकलं की मगच विचारा, कोण राहिलं.

तुमची,
श्रीदेवी